जवस आधी, कॅप्सूल मागाहून: त्वचा आणि हृदयासाठी पूरक आहार सुरू करताना

औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून मला आता २२ वर्षं होतील. गेल्या काही वर्षांत एक वेगळं गिऱ्हाईक वाढलं आहे. वय पस्तीस ते पन्नास, हातात मोबाइल आणि त्यावर एखाद्या व्हिडिओचा स्क्रीनशॉट. "ताई, हे चारही द्या." चार म्हणजे बहुतेक वेळा बायोटिन (ब गटातलं जीवनसत्त्व), कोलॅजनची पावडर, फिश ऑइल आणि हळदीच्या अर्काच्या गोळ्या. कशासाठी, असं विचारलं की उत्तरही ठरलेलं: चेहरा निस्तेज झालाय, केस गळतात, आणि बाबांना पंचावन्नाव्या वर्षी हार्ट अटॅक आला होता, म्हणून आपण आधीच काळजी घेतलेली बरी.

ही काळजी खरी असते. म्हणूनच ती चार बाटल्या विकत घेऊन संपून जावी, असं मला वाटत नाही. पहिल्यांदाच सुरुवात करणाऱ्यांना मी जे उभ्या उभ्या सांगते, ते इथे सवडीने लिहिते आहे. यात क्रम महत्त्वाचा आहे. आधी तपासणी, मग स्वयंपाकघर, आणि बाटली अगदी शेवटी.

पायरी १: आरसा आणि रक्ततपासणी

त्वचा आणि हृदय यांचा संबंध जाहिरातीवाल्यांनी जोडलेला नाही, तो खरोखर आहे. मानेच्या मागे किंवा काखेत त्वचा काळपट, जाडसर, मखमली झाली असेल, तर अनेकदा तो मळ नसतो. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण असू शकते. कितीतरी मुलींना आईने ती मान घासघासून धुवायला लावलेली असते, आणि साखर तपासायचं कुणाच्या मनातही येत नाही. पापणीच्या नाकाकडच्या कोपऱ्यात पिवळसर चट्टे दिसले, तर कोलेस्टेरॉल तपासावं. सोरायसिस हा खपल्या धरणारा त्वचेचा आजार असलेल्यांना हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. आणि त्वचा कोरडी, केस गळणं, वजन वाढणं, थकवा असं सगळं एकत्र आलं तर थायरॉइड बघायला हवं, कारण थायरॉइड मंदावला की एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलही वाढतं. अशा माणसाने बायोटिन खाऊन काय होणार? दुखणं एका जागी आणि औषध दुसऱ्याच.

म्हणून पहिला खर्च प्रयोगशाळेत करा. कोलेस्टेरॉल दाखवणारी लिपिड प्रोफाइल, तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी, हिमोग्लोबिन, थायरॉइडसाठी टीएसएच, आणि शाकाहारी असाल तर बी-१२. रक्तदाब दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी, पाच मिनिटं शांत बसून मोजा. हे रिपोर्ट घेऊन एकदा डॉक्टरांना भेटा.

एक गोष्ट इथेच स्पष्ट सांगते. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, चालताना धाप लागणं, असं काही असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. १०८ ला फोन करा. अशा वेळी लसूण चावत किंवा आल्याचा रस पीत बसू नका.

पायरी २: जवसापासून सुरुवात

मला एकच पदार्थ सुचवायला सांगितला तर मी जवस सुचवेन. मी विदर्भातली आहे म्हणून हा पक्षपात असेलही. पण आमच्याकडे जवसाची चटणी ताटात असायची तेव्हा तिला कुणी पूरक आहार म्हणत नव्हतं, आणि ती किराणा दुकानात आजही कोणत्याही कॅप्सूलपेक्षा स्वस्त मिळते.

जवसात अल्फा-लिनोलेनिक आम्ल हे वनस्पतीतलं ओमेगा-३ भरपूर असतं. दळलेलं जवस एक टेबलस्पून, म्हणजे सुमारे ७ ग्रॅम घेतलं, तर त्यातून जवळपास १.६ ग्रॅम ओमेगा-३ मिळतं. अमेरिकेत प्रौढ पुरुषासाठी ठरवलेलं दिवसाचं प्रमाण नेमकं इतकंच आहे, स्त्रियांसाठी १.१ ग्रॅम. शिवाय विरघळणारा तंतू मिळतो, तो कोलेस्टेरॉलला मदत करतो. कॅनडात २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या ११० रुग्णांपैकी काहींना सहा महिने रोज ३० ग्रॅम दळलेलं जवस दिलं गेलं. जवस न घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांचा वरचा रक्तदाब सुमारे १० अंकांनी कमी राहिला. ते आजारी लोक होते आणि त्यांची औषधं चालूच होती, हे लक्षात ठेवा. यावरून स्वतःची बीपीची गोळी बंद करायची नसते. उलट बीपीची गोळी चालू असताना जवस सुरू केलं, तर आठवड्यातून दोनदा बीपी मोजत जा. त्वचेबद्दल एवढंच म्हणते की कोरडेपणा कमी झाल्याचं सांगणारे अभ्यास आहेत, पण लहान आहेत.

आता कृती. जवस निवडून, चाळून घ्या, बारीक खडे असतात. लोखंडी कढईत मंद आचेवर कोरडंच भाजा. तडतडायला लागलं आणि खमंग वास सुटला की लगेच उतरवा. करपलं तर कडू होतं. गार झाल्यावर दळा. अख्खं जवस खाऊ नका. त्याचं टरफल इतकं कठीण असतं की दाणा जसाच्या तसा पोटातून निघून जातो आणि पदरात काहीच पडत नाही.

चटणीसाठी वाटीभर भाजलेल्या जवसाला सात-आठ लसूण पाकळ्या, चमचाभर जिरं, चवीपुरतं लाल तिखट आणि अर्धा चमचा मीठ. मीठ एवढंच ठेवा, हृदयासाठी केलेली चटणी खारट करून चालणार नाही. सैंधव वापरलं तरी हिशेब तोच, कारण सैंधव म्हणजेही सोडियम क्लोराइडच. ही चटणी ज्वारीच्या भाकरीबरोबर थोडं कच्चं तेल घालून किंवा दह्यात कालवून खा. चटणी नको असेल तर नुसती पूड वरणात, ताकात, कणकेत जाते. सुरुवात रोज एका चहाच्या चमच्याने करा, दहा दिवसांनी टेबलस्पूनवर या. पाणी वाढवा, नाहीतर पोट जड होईल. गरोदर असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजचा खुराक म्हणून घेऊ नका.

साठवण हा इथला नाजूक भाग. जवसाचं, म्हणजेच अळशीचं, तेल हवेशी लगेच संयोग पावतं. चित्रकार आणि रंगारी अळशीचं तेल वापरतात ते त्यामुळेच, रंगाचा थर सुकून घट्ट बसतो. तोच गुण स्वयंपाकघरात आड येतो: दळून ठेवलेलं जवस खवट होतं. एका वेळी आठ-दहा दिवसांपुरतंच दळा, घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवा, खवट वास आला की फेका. खायचं जवसाचं तेल आणलंत तर ते फोडणीला वापरू नका, वरून घ्या. आणि हार्डवेअरच्या दुकानातलं अळशीचं तेल कधीही खायचं नाही, त्यात लवकर सुकण्यासाठी रसायनं घातलेली असतात.

पायरी ३: मासे, आणि मग माशाच्या तेलाची कॅप्सूल

जवसातल्या ओमेगा-३ ला एक मर्यादा आहे. हृदयाच्या संशोधनात ज्यांचं नाव येतं ती ईपीए आणि डीएचए ही दोन आम्लं शरीर त्यापासून फारच थोडी बनवतं. ती थेट मिळतात माशांतून. त्यासाठी परदेशी सामन लागत नाही. कोकणात आणि गोव्यात ताटात येणारा बांगडा आणि तारली हे तेलकट मासे उत्तम आहेत, आणि सुरमई-पापलेटपेक्षा स्वस्तही. आठवड्यातून दोनदा खा. तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं किंवा कोकम-मिरचीतली तारली चांगली. रव्यात घोळवून तेलात तळलेली तुकडी अधूनमधून ठीक.

मासे खाणाऱ्याला कॅप्सूलची गरज सहसा पडत नाही. तरीही घ्यायची असेल तर बाटली उलटी करून मागचा मजकूर वाचा. समोर मोठ्या अक्षरांत १००० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, ते तेलाचं वजन. मागे बारीक अक्षरांत बहुधा ईपीए १८० आणि डीएचए १२० असतं. म्हणजे कामाचं ओमेगा-३ फक्त ३०० मिलिग्रॅम. शाकाहारी लोकांसाठी शेवाळापासून काढलेल्या डीएचएच्या कॅप्सूल मिळतात. मासेही ते शेवाळातूनच मिळवतात.

उपयोग किती? अमेरिकेत २५,८७१ लोकांवर झालेल्या व्हायटल नावाच्या मोठ्या चाचणीत रोज १ ग्रॅम फिश ऑइलने हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू यांच्या एकूण संख्येत ठळक घट दिसली नाही. तो निष्कर्ष २०१८ मध्ये आला. त्याच वर्षी रिड्यूस-इट या दुसऱ्या चाचणीत ईपीएचं शुद्ध केलेलं औषध रोज ४ ग्रॅम दिल्यावर फायदा दिसला. पण ते रक्तातली ट्रायग्लिसराइड ही चरबी वाढलेल्या, धोका जास्त असलेल्या आणि कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी आधीच घेणाऱ्या रुग्णांत. ते डॉक्टरांनी लिहून द्यायचं औषध आहे. ते जमत नाही म्हणून साध्या कॅप्सूल आठ-दहा घ्यायच्या, असं करू नका. जास्त मात्रेत ओमेगा-३ ने हृदयाची लय बिघडण्याचा, एट्रियल फिब्रिलेशनचा धोका वाढतो.

पायरी ४: इसबगोल

पोट साफ होण्याचं औषध म्हणून घरोघरी असलेला हा भुसा एलडीएल कमी करतो, हे फार लोकांना माहीत नसतं. अमेरिकेच्या एफडीए या अन्न आणि औषध नियामक संस्थेने १९९८ मध्ये इसबगोलच्या पाकिटावर हृदयासाठी उपयोगी असा दावा छापायला परवानगी दिली. त्यासाठी दिवसाला ७ ग्रॅम विरघळणारा तंतू लागतो, म्हणजे साधारण १० ग्रॅम भुसा, टेबलस्पूनने दोनदा. आपला इसबगोल शेजारच्या गुजरातेतून, उंझ्याच्या बाजारातून जगभर जातो.

पहिला आठवडा एकच चहाचा चमचा. पूर्ण पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्या, वरून आणखी अर्धा पेला पाणी. कोरडा भुसा कधी तोंडात टाकू नका, घशात फुगतो. गिळायला त्रास असलेल्या म्हाताऱ्या माणसांना तर मुळीच देऊ नका. बाकीच्या गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा. साखर घातलेली संत्र्याच्या चवीची पाकिटं घेण्यापेक्षा साधा भुसा घ्या.

पायरी ५: त्वचेसाठी खरोखर काय लागतं

त्वचेतलं कोलॅजन शरीर स्वतः बनवतं. त्याला लागतात प्रथिनं आणि क जीवनसत्त्व. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला रोज ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरतं. एका मध्यम पेरूत ते भागतं. आवळा निघाला की थंडीभर रोज एक-दोन आवळे किसून, जेवणात घ्या. पुढच्या महिन्यांसाठी फोडी वाळवून ठेवा. मोरावळ्यात मात्र निम्मी साखर असते, तो चमचाभरच, आणि मधुमेहींनी तेवढाही टाळावा. प्रथिनांसाठी डाळ, मोड आलेली मटकी, दही, अंडी. मूठभर शेंगदाणे, चार-पाच अक्रोड.

कोलॅजनच्या पावडरीविषयी रोज विचारणा होते. पोटात गेल्यावर ते इतर प्रथिनांसारखंच पचतं. त्वचेचा ओलावा थोडा वाढल्याचे अभ्यास आहेत, पण त्यांतल्या अनेकांना पैसा ते विकणाऱ्यांनीच पुरवलेला होता. शिवाय ते मासे किंवा जनावरांच्या कातडी-हाडांतून येतं. शाकाहारी घरात ते नकळत आणलं जातं, याचं मला वाईट वाटतं. वनस्पतीजन्य कोलॅजन म्हणून विकलं जातं त्यात सहसा कोलॅजन नसतं, ते बनवायला मदत करणारे घटक असतात.

गाजर खा, पण बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेऊ नका, विशेषतः विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी. फिनलंडमध्ये २९,१३३ पुरुष धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले, तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. फळभाजीत असलेला घटक एकटा काढून मोठ्या मात्रेत दिला तर तो तसाच वागेल असं नाही, हे त्या वेळी साऱ्यांनाच कळलं. आणि तंबाखू सोडण्याइतका फायदा त्वचेला आणि हृदयाला दुसऱ्या कशानेच होत नाही, हे घरातल्या तंबाखू घेणाऱ्या माणसाला प्रेमाने पण सांगाच.

पायरी ६: बाटली घ्यायचीच असेल तर

तपासणीत कमतरता निघाली तर बाटली जरूर घ्या. वनस्पतीत बी-१२ नसतं. शुद्ध शाकाहारी माणसाला आणि मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहीला त्याची गोळी खरोखर लागू शकते. अशा वेळी नैसर्गिकचा हट्ट धरू नका.

पाकिटावर एफएसएसएआय या भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं चिन्ह आणि १४ अंकी परवाना क्रमांक बघा. शाकाहारासाठी हिरवा ठिपका बघा, कारण कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं असू शकतं. एका मात्रेत कोणता घटक किती, हे आकड्यांत लिहिलेलं हवं. 'खास मिश्रण' म्हणून एकच वजन दिलं असेल तर ते पाकीट परत ठेवा. आयुर्वेदिक औषधाला वेगळा उत्पादन परवाना असतो, तो क्रमांक शोधा. सुट्या पुड्या, नाव नसलेली चूर्णं, ओळखीच्या कुणीतरी दिलेल्या भस्माच्या गोळ्या नकोत. इंटरनेटवरून मिळणारी १९३ आयुर्वेदिक औषधं अमेरिकेतल्या संशोधकांनी तपासली, तेव्हा सुमारे एक पंचमांश औषधांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. हा अभ्यास २००८ चा.

दोन नावं मुद्दाम सांगते. वरणातली हळद निर्धास्त खा. पण मिरीच्या अर्काने शोषण वाढवलेल्या दाट अर्काच्या गोळ्या वेगळी गोष्ट आहे. इटलीत २०१९ मध्ये अशा गोळ्या घेणाऱ्यांत यकृताला सूज आल्याची प्रकरणं नोंदवली गेली. दुसरं, कोलेस्टेरॉलवरचा नैसर्गिक उपाय म्हणून विकला जाणारा लाल यीस्ट तांदूळ. त्यातला मोनाकोलिन-के म्हणजे रासायनिकदृष्ट्या लोवास्टॅटिन हे स्टॅटिन गटातलं औषधच. स्टॅटिन नको म्हणून माणूस हा तांदूळ घेतो, आणि मात्रा न मोजलेलं स्टॅटिनच खातो. जपानमध्ये २०२४ मध्ये अशा गोळ्यांनी मूत्रपिंडं बिघडल्यावर त्या बाजारातून परत घ्याव्या लागल्या.

पायरी ७: डॉक्टरांना सगळं सांगा, बायोटिनसकट

या लेखातलं काहीच लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण हे राहू द्या. केस-त्वचा-नखांच्या गोळ्यांत बायोटिन ५ ते १० मिलिग्रॅम असतं. शरीराची रोजची गरज असते ३० मायक्रोग्रॅम. एवढं जास्त बायोटिन रक्तात असेल तर काही यंत्रांवरच्या तपासण्या चुकतात. त्यात ट्रोपोनिन येतं, म्हणजे हार्ट अटॅक आला का हे सांगणारी तपासणी. ती खोटीच कमी दिसू शकते. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला, आणि त्यात एका मृत्यूची नोंद होती. थायरॉइडचा रिपोर्टही असाच फसवतो. म्हणून रक्त देण्याआधी किमान दोन-तीन दिवस बायोटिन बंद ठेवा आणि लॅबमध्ये सांगा. तातडीने दवाखान्यात न्यावं लागलं तर पहिल्या पाच मिनिटांत सांगा. घरच्यांनाही हे माहीत असू द्या, त्या वेळी तुम्ही बोलण्याच्या स्थितीत असालच असं नाही.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, वॉरफरिन किंवा ॲसेनोकुमॅरोल, चालू असतील तर लसणाचे अर्क, हळदीचे अर्क, फिश ऑइल विचारल्याशिवाय नको. पालक, मेथी बंद करायची गरज नाही, प्रमाण रोज सारखं ठेवा. शस्त्रक्रियेची तारीख ठरली की सर्जनला पूरक गोळ्यांची यादी द्या. थायरॉइडच्या गोळीनंतर कॅल्शियम किंवा लोह घ्यायचं तर चार तासांनी.

आणि डी जीवनसत्त्वाचं ६०,००० युनिटचं पाकीट. आमच्याकडे एक काका ते आठवड्याऐवजी रोज घेत होते. चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदा' असं लिहिलेलं होतं, पण वाचून कुणी दाखवलं नव्हतं. पुन्हा न्यायला ते लवकर आले म्हणून माझ्या लक्षात आलं. तहान, उलटी, बद्धकोष्ठता सुरू झाली होती, रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं निघालं. ते बरे झाले. तेव्हापासून मी प्रत्येक पाकिटावर पेनाने वार लिहून देते. तुमच्या दुकानदाराकडूनही लिहून घ्या.

पायरी ८: एका वेळी एकच

चार गोष्टी एकदम सुरू केल्या तर गुण कशाचा आणि पुरळ कशाने, हे कळत नाही. कॅलेंडरवर तारीख लिहून एकच गोष्ट सुरू करा, जवसापासून. तीन आठवड्यांनी इसबगोल. पोट, झोप, त्वचेवरची खाज, बीपीचे आकडे तिथेच टिपत जा. मानेचा किंवा चेहऱ्याचा फोटो महिन्यातून एकदा, त्याच खिडकीत, त्याच वेळी काढा. दुपारी बाहेर पडताना एसपीएफ ३० चं सनस्क्रीन किंवा निदान डोक्यावरून ओढणी, टोपी हवी, नाहीतर आवळ्याने कमावलेलं ऊन घालवेल.

बारा आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल पुन्हा, शक्यतो त्याच लॅबमध्ये. एलडीएल थोडं उतरलं असेल तर क्रम तसाच चालू द्या. उतरलं नसेल आणि डॉक्टर स्टॅटिन म्हणत असतील, तर ती गोळी घ्या आणि जवसाची बरणीही फ्रिजमध्ये राहू द्या. दोघांचं एकमेकांशी वैर नाही. दोन्ही रिपोर्ट एकाच फाइलमध्ये लावा, आणि फाइलच्या पहिल्या पानावर तुम्ही खात असलेल्या प्रत्येक पुडी-गोळीचं नाव, मात्रा आणि सुरू केल्याची तारीख लिहून ठेवा.